बिब्बा : औषध, शाई आणि हात
(गोंदिया जिल्ह्याच्या वनपरिसराच्या संदर्भातील एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले की ‘त्याने बिब्बा घातला’ असे मराठीत म्हटले जाते. बाळंतिणीच्या लाडवात मात्र त्याच फळातील गोडंबी आवर्जून घातली जाते. एकाच झाडाविषयी एकाच समाजात भीती आणि भरवसा असे एकत्र नांदावेत, ही बाब वनस्पतिशास्त्राइतकीच इतिहासाच्याही अभ्यासाची आहे. भारतीय वैद्यकाच्या प्राचीन संहितांपासून आजच्या औषधविषयक कायद्यापर्यंत बिब्ब्याची नोंद अखंडपणे सापडते. बगदादच्या वैद्यांनी, गोव्यातील पोर्तुगीज वैद्याने, मुंबईच्या रासायनिक विश्लेषकाने आणि दिल्लीच्या प्रयोगशाळेने आपापल्या परीने त्याची दखल घेतली. तथापि ज्या हातांनी हे फळ झाडावरून काढले, वाळवले, फोडले आणि बाजारात आणले, त्यांची दखल या दीर्घ लिखित परंपरेत फार थोडी आहे. गोंदिया जिल्ह्याच्या वनपरिसराला केंद्रस्थानी ठेवून या परंपरेचा मागोवा घेणे आणि तिच्यातील ही उणीव दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वृक्ष आणि परिसर

दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, बाघ आणि चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यांत तलावांवर पोसलेली भातशेती आणि तिच्याभोवती पानझडीचे जंगल असे या भूभागाचे सर्वसाधारण रूप आहे. साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू, चारोळी या झाडांच्या मेळ्यात बिब्ब्याचे झाड उभे असते. नागझिरा आणि नवेगावबांधच्या जंगलांत, तसेच सालेकसा-देवरीकडील डोंगराळ भागात ते परिचित आहे. झाडीपट्टीत त्याला बिबा किंवा भिलावा म्हणतात, सीमेपलीकडच्या छत्तीसगडीत भेलवा आणि गोंडी बोलीत कोहका. कोहका या नावाची गावे मध्य भारतात आजही आढळतात.

हे झाड केवळ विदर्भाचे नाही. कोकण किनाऱ्याच्या मागील डोंगरउतारांपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ते रानटी वाढते. कोणी त्याची बाग लावत नाही. आंबा, काजू आणि चारोळी ही तिन्ही झाडे याच्याच कुळातील आहेत, हे सांगितले की अनेकांना नवल वाटते. परंतु आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून ज्यांना फोड आले असतील त्यांना हे नाते पटावयास अडचण नाही. बिब्ब्याच्या फळाचे दोन भाग असतात. देठाकडील भाग मांसल असून पिकल्यावर नारिंगी होतो. तो भाजून किंवा वाळवून खातात व त्यासच बिब्ब्याचे फूल म्हणतात. त्याच्या टोकाला काळे, चपटे, हृदयाच्या आकाराचे बी लागलेले असते. या बियांच्या टणक कवचात तेलासारखा दाहक रस भरलेला असतो, आणि कवचाच्या आत पांढरी, गोडसर, पौष्टिक गोडंबी असते. म्हणजे गोड फूल, मध्ये अग्नी आणि आत पुन्हा गोड गर. बिब्ब्याचा सगळा इतिहास या मधल्या थराशी झालेल्या व्यवहाराचा इतिहास आहे.

हा रस त्वचेस लागला की प्रथम काळा डाग पडतो, मग खाज, सूज आणि पाण्याचे फोड येतात. यास मराठीत बिब्बा ‘उतणे’ म्हणतात. काहींना तो इतका बाधतो की झाडाखालून गेल्यानेही अंगावर पुरळ उठते. काहींना वर्षानुवर्षे हाताळूनही फारसे काही होत नाही. या भेदाचे शास्त्रीय कारण पुढे येईल. लोकांनी मात्र अनुभवावरून नियम केले होते. झाड सहसा तोडावयाचे नाही, त्याचे लाकूड चुलीत घालावयाचे नाही, फळे काढताना हाताला तेल किंवा राख चोळावयाची, आणि उतलाच तर खोबरे, तीळ, लोणी किंवा चिंचेचा पाला लावावयाचा. नारळ किनाऱ्यावर पिकतो आणि तीळ देशावर, त्यामुळे कोकणात खोबऱ्यावर आणि विदर्भात तिळावर अधिक भिस्त असणे स्वाभाविक होते.

दाहकतेमुळेच या झाडाला रक्षकाचे स्थान मिळाले. छत्तीसगडात श्रावणी अमावस्येच्या सुमारास साजऱ्या होणाऱ्या हरेलीच्या सणाला शेतात आणि घराच्या दाराशी भेलव्याच्या डहाळ्या खोवतात. महाराष्ट्रातील शहरांत दर शनिवारी दुकानांच्या दारांत लिंबू-मिरचीबरोबर ओवलेला काळा बिब्बा याच समजुतीचा दूरचा वंशज म्हणावयास हवा. जे माणसाला भाजते ते अनिष्टालाही भाजेल, असा त्यामागील साधा तर्क दिसतो.

संहितांतील भल्लातक

संस्कृत वैद्यकात या फळास भल्लातक म्हणतात. त्याची अन्य नावे अधिक बोलकी आहेत. अरुष्कर म्हणजे व्रण उत्पन्न करणारे, आणि अग्निमुख म्हणजे तोंडात अग्नी असलेले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायात, रसायनप्रकरणात, भल्लातकाचे दहा प्रकारचे कल्प सांगितले आहेत. तूप, दूध, मध, गूळ, तेल, सातू, मीठ अशा निरनिराळ्या माध्यमांतून ते द्यावयाचे आहेत. सुश्रुतसंहितेत मूळव्याधीच्या चिकित्सेत त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

या वर्णनांत इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा भाग म्हणजे सावधगिरीचा तपशील. फळे निर्दोष, पूर्ण पक्व आणि रसाने भरलेली निवडावीत. ती जवाच्या किंवा उडदाच्या राशीत पुरून चार महिने ठेवावीत. सेवनास आरंभ मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत करावा. काढा पिण्यापूर्वी तोंडाच्या आतून तूप माखावे. मात्रा हळूहळू चढवावी आणि तशीच हळूहळू उतरवावी. एकूण फळांची संख्या हजाराच्या पुढे नेऊ नये. पथ्य दूध, तूप आणि भाताचे. हे आकडे अनुकरणासाठी नव्हेत हे सांगणे न लगे. परंतु एखाद्या समाजाने विषाशी किती काळ, किती जवळून आणि किती नुकसान सोसून व्यवहार केला असेल, याचा अंदाज त्यांवरून येतो. तोंडाला तूप माखण्याची सूचना लिहिली जाण्यापूर्वी किती तोंडे भाजली असतील, याची मोजदाद कोणत्याही संहितेत असणार नाही.

पुढील रसग्रंथांत आणि वैद्यांच्या व्यवहारात शोधनाची प्रक्रिया स्थिरावली. विटेच्या चूर्णात फळे घासून त्यांतील तेल टिपून घेणे आणि मग धुणे ही त्यातील प्रसिद्ध रीत. गोमूत्र, दूध आणि नारळाचे पाणीही शोधनासाठी वापरले जाते. येथे एक गोष्ट नोंदवणे अवश्य आहे. शास्त्राचा सगळा भर सेवन करणाऱ्याच्या सुरक्षिततेवर आहे. विटेच्या चुऱ्यात फळे घासणारा वेगळा माणूस असतो, आणि शोधनाचा खरा धोका त्याच्या वाट्याला येतो.

लोकवैद्यक याहून साधे होते. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोकणातील एक उपचार नोंदलेला आहे. एक बिब्बा दिव्याच्या ज्योतीवर धरावयाचा, त्यातून ठिबकणारे तेल पावशेर दुधात पडू द्यावयाचे आणि ते दूध पडजीभ लोंबल्याने येणाऱ्या खोकल्यावर रोज द्यावयाचे. विदर्भातील जुन्या घरांतही ही रीत अपरिचित नाही. सुईने टोचलेला बिब्बा दिव्यावर धरणारी आजी थेंब मोजत असे. हे मोजणे हीच तिची विद्या होती. पायात काटा रुतून ठणका लागला किंवा टाचेला भेगा पडल्या म्हणजे गरम बिब्ब्याचा चटका देण्याचा प्रघातही शेतकरी आणि गुराखी यांच्यात सर्वत्र होता. चिखलात दिवसभर रोवणी करणाऱ्या धानपट्ट्यातील मजुरांच्या पायांना त्याचा किती आधार वाटत असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

बगदाद, गोवे आणि हरवलेले नाव

भल्लातकाची कीर्ती पश्चिम समुद्रापलीकडे फार लवकर पोहोचली. फारसी-अरबीत भल्लातकाचे ‘बलाझुर’ झाले. अरब वैद्यांनी त्याला ‘हब्ब अल्-फह्म’ म्हणजे आकलनाचे बीज असेही नाव दिले, कारण स्मरणशक्ती वाढविणारे द्रव्य म्हणून त्याची ख्याती झाली होती. विद्यार्थी आणि विद्वान ते घेत. आणि त्यांतील काहींच्या जिवावर बेते. नवव्या शतकातील बगदादचा विख्यात इतिहासकार अहमद इब्न याह्या अल्-बलाझुरी याचे उपनाव याच फळावरून पडले. त्याने बलाझुराचे अतिसेवन केले व त्यामुळे बुद्धिभ्रंश होऊन इसवी सन ८९२ च्या सुमारास तो मरण पावला, अशी परंपरागत कथा आहे. ही हकीकत त्याच्या आजोबाची असावी, असेही म्हटले जाते. कथा कोणाचीही असो, मराठी वाचकाला तिच्यात वेगळे स्वारस्य आहे. याच बलाझुरीच्या ‘फुतूह अल्-बुल्दान’ या ग्रंथात खलिफा उमरच्या काळात ठाण्यावर आलेल्या अरब नाविक स्वारीचा उल्लेख आहे. ठाण्याची नोंद करणाऱ्या या इतिहासकाराच्या नावात आपल्या रानातील बिब्बा बसलेला आहे.

अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांबरोबर हे द्रव्य युरोपच्या औषधालयांत गेले, आणि हृदयाच्या आकारामुळे त्यास ‘अनाकार्डियम’ हे नाव रूढ झाले. मध्ययुगीन युरोपात अनाकार्डियम म्हणजे बिब्बा, काजू नव्हे. काजू तेव्हा त्या जगाला ठाऊकच नव्हता.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्टा याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात अनाकार्डोवर एक प्रकरण लिहिले. पोर्तुगीज लोक बिब्ब्यास ‘मलाक्काची शेंग’ म्हणत. ओर्टा सांगतो की कोवळ्या हिरव्या फळांचे मिठातील लोणचे घालतात, त्याला अचार म्हणतात, आणि पोर्तुगालात ऑलिव्ह विकतात तसे ते बाजारात विकले जाते. युरोपीय लेखनातील ‘अचार’ या शब्दाच्या आद्य उल्लेखांपैकी हा एक आहे. बिब्ब्याचे लोणचे आज फारच थोड्यांच्या जिभेवर असेल. पण सोळाव्या शतकात गोव्याच्या बाजारात ते नित्याचे होते, यावरून किनाऱ्यावरील लोकांना कोवळ्या फळाचा आणि पक्व फळाचा भेद किती नेमका माहीत होता हे कळते.

याच शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून काजू आणला. क्रिस्तोवाव द कोश्ता याच्या १५७८ च्या ग्रंथात कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन आहे. काजूच्याही टरफलात तसाच दाहक रस, आत तसाच गर आणि देठाकडे तसेच मांसल फळ. साम्य इतके की जुने नाव नव्या पाहुण्याला चिकटले. लिनियसने १७५३ मध्ये काजूला ‘अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले’ म्हटले. पुढे १७८२ मध्ये त्याच्या मुलाने बिब्ब्याला ‘सेमेकार्पस’ ही वेगळी प्रजाती दिली आणि हिरावलेले नाव शेपटासारखे मागे जोडले: ‘सेमेकार्पस अनाकार्डियम’. सेमेकार्पस म्हणजे खूण करणारे फळ. हजार वर्षे औषध म्हणून ज्ञात असलेल्या फळाची शास्त्रीय ओळख आता धोब्याच्या खुणेवरून ठरली. काजूची किनाऱ्यावर लागवड झाली, त्यावर कारखाने उभे राहिले, त्याच्या टरफलातील तेलाला विसाव्या शतकात वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरापर्यंत मागणी आली. बिब्बा रानातच राहिला.

धोबीघाट आणि न्यायालय

बिब्ब्याच्या रसात चुना मिसळला की कापडावर न जाणारी काळी खूण उमटते. छापील चिठ्ठ्या नव्हत्या त्या काळात गावभरच्या कपड्यांच्या ढिगातून प्रत्येक घराचे कपडे वेगळे काढणे हे केवळ या खुणांमुळे शक्य होई. प्रत्येक धोब्याची खुणांची लिपी स्वतंत्र असे. ही लिपी शाळेत शिकवली जात नव्हती. तरी साक्षरतेच्या इतिहासात तिची दखल घ्यावयास हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर विचित्र फोड येऊ लागले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्याचा माग काढला आणि तो धोब्याच्या खुणेपर्यंत पोहोचला. कपडा धुऊन, वाळून, इस्त्री होऊन आला तरी खुणेतील दाहकता शिल्लक होती. १९४३ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात ‘धोबी खुणेचा त्वचादाह’ या नावाने हा विकार नोंदला गेला. सैनिकाच्या मानेवरील ठिपक्याएवढ्या फोडाला अशा रीतीने वैद्यकात नाव मिळाले. ती खूण रोज घालणाऱ्या धोब्याच्या बोटांविषयी त्या चर्चेत कोणाला औत्सुक्य नव्हते.

इंग्रजी अंमलातील न्यायवैद्यकाने बिब्ब्याकडे आणखी वेगळ्या नजरेने पाहिले. नॉर्मन चेव्हर्सचा १८५६ चा ग्रंथ, मुंबईचे रासायनिक विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक इसिडोर लायन यांचा १८८९ चा ग्रंथ आणि जयसिंग मोदी यांचे १९२० पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघालेले पाठ्यपुस्तक, या परंपरेत बिब्बा हा दाहक विषांत गणला जातो. सूडापोटी अंगावर रस टाकणे, गर्भपातासाठी केलेला घातक वापर आणि खोट्या मारहाणीचा पुरावा तयार करणे हे त्याचे गुन्ह्यातील प्रमुख उपयोग होत. यांतील शेवटचा प्रकार विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. अंगावर रस लावला की मुका मार लागल्यासारखा काळसर डाग उमटतो, आणि तो दाखवून शत्रूवर फिर्याद करता येते. खरा मार आणि बिब्ब्याचा डाग ओळखण्याच्या खुणा पाठ्यपुस्तकांनी विद्यार्थ्यांना शिकवल्या. खऱ्या माराचा रंग दिवसागणिक बदलतो, बिब्ब्याचा तसा बदलत नाही, डागाच्या कडेला बारीक फोड असतात, खाज असते, आणि खाजवल्यामुळे फिर्यादीच्या स्वतःच्या बोटांच्या टोकांवरही फोड आढळतात. बिब्ब्याने बोटांवर ठेवलेला पुरावा येथे साक्षीदाराविरुद्ध उभा राहतो.

या न्यायवैद्यकीय लेखनाचे मोल मान्य करूनही त्याची मर्यादा दाखवणे भाग आहे. डॉक्टर आणि विश्लेषक यांच्यापुढे बिब्बा येई तो गुन्ह्याच्या वाटेनेच. म्हणून ग्रंथांत तो गुन्हेगाराच्या हातातील वस्तू म्हणून स्थिरावला. भारतीय दंडसंहितेच्या ३२४ व्या कलमाने विष किंवा दाहक द्रव्याने केलेली दुखापत शिक्षापात्र ठरवली होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तेथेही ही तरतूद आहे. मजुरीच्या ओघात तेच द्रव्य तशीच दुखापत करते, तेव्हा मात्र फिर्याद नसते, तपासणी नसते, आणि म्हणून नोंदही नसते. कोकणातील उपचार टिपून घेणाऱ्या डायमॉकसारख्या लेखकाची दृष्टी या संदर्भात अधिक उदार ठरते, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

प्रयोगशाळेतील उत्तर

दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातील संशोधन विभागात काम करणारे सलीमुज्जमान सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी पिल्ले यांनी १९३१ मध्ये बिब्ब्याच्या रासायनिक पृथक्करणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने देशी औषधांचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करण्याचा तो काळ होता. बिब्ब्याच्या दाहक घटकांना भिलावनॉल असे नाव मिळाले. म्हणजे रसायनशास्त्राच्या कोशात तरी ‘भिलावा’ हा देशी शब्द टिकला. जपानी लाखेच्या झाडातील आणि अमेरिकेतील विषारी आयव्हीतील उरुशिऑल या द्रव्याशी त्याचे निकटचे नाते आहे. हे द्रव्य त्वचेतील प्रथिनांशी जोडले जाते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर चाल करून येते. एकाला झाडाच्या सावलीने पुरळ आणि दुसऱ्याला वर्षभर हाताळूनही काही नाही, या लोकानुभवाचा उलगडा येथे होतो. वरवरच्या फोडांवर हे थांबतेच असेही नाही. बिब्ब्याच्या रसाशी संपर्क आल्यानंतर मूत्रपिंडाच्या बाह्यस्तराचा नाश झाल्याचे निरीक्षण १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘ई-१’ परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातकाचा समावेश आहे. कुचला, धोतरा, गुंज, वत्सनाभ, लांगली ही त्याची शेजारी मंडळी. अशा द्रव्याने युक्त औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे.

गौण वनोपज

भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाल्यावर आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर भंडारा जिल्ह्याची जंगले नव्या प्रशासनाच्या कक्षेत आली. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलाची विभागणी सरकारच्या दृष्टीने केली. लाकूड हे मुख्य उत्पन्न आणि बाकी सारे गौण. बिब्ब्याच्या लाकडाला किंमत नव्हती. ते तोडावयास लाकूडतोडे राजी नसत. त्यामुळे वनखात्याच्या हिशेबात हे झाड जवळजवळ अदृश्य राहिले. यात लोकांचा एका परीने लाभच झाला असावा. सागासारखा पहारा बिब्ब्यावर बसण्याचे कारण नव्हते.

नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी या भागातून गेली. ती १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे आली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे जाणारा सातपुड्याचा अरुंद मार्ग तयार होऊन गोंदिया हे जंक्शन बनले. लाख, मोह, हिरडा आणि पुढे विडीसाठी तेंदूपान यांच्या व्यापाराने गोंदियाची पेठ वाढली. तेंदूपानाने विडी कारखानदार निर्माण केले. बिब्ब्याने कोणताही कारखानदार निर्माण केला नाही. तो हिवाळ्यात टोपलीतून आठवडी बाजारात येई आणि पसाभर तांदूळ किंवा मीठ यांच्या बदल्यात जाई, किंवा व्यापाऱ्याच्या पोत्यात पडून दूरच्या वैद्यशाळेकडे आणि गोडंबीच्या पेठेकडे रवाना होई.

गोडंबी फोडण्याचे काम विदर्भ-मराठवाड्यात मुख्यतः स्त्रियांकडे आहे. बी दगडावर उभे धरावयाचे, वरून हातोडीचा किंवा दगडाचा नेमका घाव घालावयाचा, आणि कवच उमलले की गर अखंड काढावयाचा. घाव हलका पडला तर बी फुटत नाही. जोराचा पडला तर गराचा चुरा होतो आणि रस उडतो. गर तुटला की भाव उतरतो. हाताला राख किंवा तेल लावतात, पण गर बोटांनीच काढावा लागतो. हातमोजे घातले तर बी धरता येत नाही आणि कामाचा वेग जातो, आणि मजुरी निघालेल्या गराच्या वजनावर असते. काळे पडलेले तळवे, सोललेली बोटे, चेहऱ्यावर उडालेल्या रसाचे डाग हे या कामाचे नेहमीचे चित्र आहे. ज्यांना बिब्बा फार उततो त्या हे काम सोडतात. ज्या टिकतात त्यांना ‘सवय’ झाली असे म्हटले जाते. घरात लहान मूल असेल तर कामाचे हात धुतल्याशिवाय त्याला घेता येत नाही, आणि बिब्ब्याचा डाग साबणाने निघत नाही.

पूर्वापार पद्धतीत ऊन दाखवून किंवा भाजून रस कमी करण्याच्या युक्त्या होत्या. धान्याच्या राशीत चार महिने ठेवण्याचा चरकाचा संकेतही कदाचित अशाच एखाद्या युक्तीतून आला असेल. हा तर्क आहे, तथापि तो असंभाव्य नाही. बाजाराला चार महिने थांबण्याची सवड नसते. शिवाय भाजलेल्या बियांतील गराचा रंग उतरतो आणि त्याला भाव कमी मिळतो.

स्वातंत्र्यानंतर वनोपजावरील हक्काचा प्रश्न हळूहळू कायद्याच्या भाषेत आला. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेची आणि वननिवासींची मालकी मान्य केली. २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानाची विक्री स्वतः करून दाखवली, ही या भागाच्या आर्थिक इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. केंद्र शासनाच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत पुढे बिब्ब्याचाही समावेश झाला. मात्र ही किंमत अखंड बियांना आहे. फोडण्याच्या श्रमाचा आणि त्यातील इजेचा विचार त्या दरात येत नाही. संकलन करणारा गोंड, हलबा किंवा अन्य वननिवासी एकीकडे, फोडणारी स्त्री दुसरीकडे आणि गोडंबीचा ग्राहक तिसरीकडे, अशी ही साखळी आहे. तिच्यातील मधल्या कडीवर सर्वांत अधिक रस सांडतो.

सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. निरनिराळ्या राज्यांतून लोक येतात, आणि अशा मेळ्यांत जडीबुटी विकणाऱ्यांच्या पथाऱ्या ठरलेल्याच. मुळ्या, साली आणि बिया यांच्या लहान लहान ढिगांत काळा बिब्बाही असतो. विकणारा तो हाताने उचलून देत नाही. पानावर सरकवतो, आणि घेणाऱ्याला कशासाठी हवा ते आधी विचारतो. खोकल्यासाठी, टाचेसाठी की दारावर बांधण्यासाठी, त्याप्रमाणे त्याचे सांगणे बदलते. औषधाच्या बाटलीवरील छापील इशाऱ्याला हे विचारता येत नाही. गोडंबीच्या पिशवीवर तर वजन आणि भाव यांखेरीज काही लिहिलेले नसते.